मार्लकोमच्या बागेत एकच गाईड

रविवार, ५ मे

आजपासून डायरी लिहायची. आईला काही सांगितलं की ती म्हणते, असू दे गं. आणि मला असू द्यायचं नाहीये.

गेलं अख्खं वर्ष मार्लकोम हाऊसच्या बागेची टूर मी दिली. एकटीने. मार्चमधल्या त्या मरणाच्या वाऱ्यातसुद्धा. हिवाळ्यात घर विकलं गेलं, नव्या मालकीणबाई मिसेस कॅथकार्ट लंडनहून आल्या, आणि त्यांना वाटलं की एवढ्या मोठ्या बागेला एक गाईड पुरत नाही. म्हणून ब्रायडी लॅसी. लिव्हरपूलची. लॅव्हेंडर आणि रोझमेरी यातला फरक तिला वास घेऊन कळतो, बघून नाही.

आज टी-रूममध्ये मिसेस कॅथकार्टनी आम्हा दोघींना बसवून स्पष्ट सांगितलं. सप्टेंबरपासून एकीलाच ठेवणार. कायमची नोकरी, आणि तबेल्यावरच्या दोन खोल्या राहायला. त्या खोल्यांच्या खिडकीतून सगळी बाग दिसते. मी शाळेच्या सहलीला इथे पहिल्यांदा आले तेव्हापासून मला त्या खिडकीत राहायचंय. ब्रायडीला तर तिथे खोल्या आहेत हेही माहीत नव्हतं. "अय्या, वर पण घर आहे?" म्हणाली.

आमची पद्धत अशी ठरली आहे: दोन वाजता लोक सनडायलपाशी, म्हणजे दगडी सूर्यघड्याळापाशी जमतात, आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहतो, आणि लोकांनी आपापलं निवडायचं. आज तिच्याकडे जत्रा जमली. माझ्याकडे एक नवराबायको आणि त्यांचं कुत्रं. कुत्र्याने तरी सगळं मन लावून हुंगलं.

बुधवार, ८ मे

यू झाडांच्या दाट कुंपणापलीकडून, ब्रायडीच्या टूरमधून, सारखं हसणं ऐकू येत होतं. बागेत एवढं हसण्यासारखं काय असतं?

रविवार, १९ मे

आज माझा दिवस. ब्रायडीकडे गर्दी झाली होती आणि मी माझ्या बाजूला एकटी, हातात फाईल धरून उभी होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याची बाही ओढली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आपण हिच्याबरोबर जाऊ या, जेरेमी." तो तिकडेच बघत होता, पण आला. त्यांच्यामागून अजून दोन बायका आल्या, मग एक रेनकोटवाला. बघता बघता माझ्याकडेही चांगला घोळका झाला. म्हणजे लोकांना जाण आहे. आई म्हणते तसं, तेरड्याचा रंग तीन दिवस.

मी त्यांना काहीच कमी केलं नाही. प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव, कुठल्या साली आलं, कोणी आणलं. सगळे म्हणत होते, खूपच इंटरेस्टिंग. जेरेमी तर तळ्याजवळच्या बाकावर डोळे मिटून ऐकत होता.

शेवटी त्या बाईंनी माझा दंड थोपटला आणि म्हणाल्या की मी फार धीराची मुलगी आहे. धीराची का, ते कळलं नाही. बहुतेक फाईल जड होती म्हणून.

रविवार, २ जून

पिंक्स फुलले. मार्लकोमचा पिंक म्हणजे आपल्या कार्नेशनची गावाकडची धाकटी बहीण: लहान, फाटक्या कडांची, पांढऱ्यात एक लाल डोळा, आणि लवंगेचा असा वास की नाक वाफ्यातून उचलवत नाही. हा जातिवंत पिंक दुसऱ्या कुठल्याही बागेत नाही, या घराच्या जुन्या माळ्याने तयार केलेला. मी या वाफ्याजवळ थांबून लोकांशी खूप वेळ बोलते.

आणि ब्रायडी काय करते? आज कुंपणातल्या फटीतून बघितलं. वाफ्याशी सगळ्यांना आणलं, "घ्या, पोटभर वास घ्या" म्हणाली, आणि स्वतः पाठ फिरवून तबेल्याच्या छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा बघत उभी राहिली. पत्र्याचा कोंबडा. त्याला काडीचा इतिहास नाही, मागच्या मालकाने दुकानातून आणला होता. बागेतल्या सगळ्यात मौल्यवान झाडाकडे पाठ, आणि वर मान करून वारा कुठला आहे ते लोकांना सांगतेय. मी मिसेस कॅथकार्टच्या जागी असते तर तिथेच निकाल लावला असता.

टूर संपल्यावर तिच्या घोळक्यातली दोन माणसं मला शोधत आली. ब्रायडीने पाठवलं होतं म्हणे: झाडांची नावं हवी असतील तर आमच्या प्रोफेसरला विचारा, तिच्यासारखं कोणाला येत नाही. स्वतःला येत नाही ते माझ्या गळ्यात. आणि प्रोफेसर म्हणजे टोमणाच की.

बुधवार, १२ जून

आज पोटात खरंच दुखलं. मिस्टर टॉली, आमचे हेड गार्डनर, शेडच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा पीत होते. ब्रायडी जवळून चालली होती. त्यांनी न बोलता थर्मासचं झाकण भरलं आणि तिच्यापुढे धरलं. ती पायरीवर बसली.

मी वर्षभर या माणसाला प्रश्न विचारते आहे. खतं, माती, छाटणी. उत्तर देतात, "हं, पोरी" म्हणतात, आणि निघून जातात. मला एकदाही झाकण मिळालेलं नाही. मी आज मुद्दाम दोनदा तिथून गेले. दुसऱ्या वेळी टॉलींनी विचारलं, काही हरवलंय का.

मी म्हटलं, नाही.

रविवार, ३० जून

आज मी बाग वाचवली. नीट लिहून ठेवते.

बागवानांच्या भाषेत एक रोग आहे, त्याला 'बोटांची कीड' म्हणतात. बाग बघायला येणारे लोक, विशेषतः अगदी सभ्य आज्या, बोलता बोलता एखादी फांदी खुडतात आणि पर्समध्ये टाकतात. पिंक तर त्यांच्यासाठीच जन्मलाय. कात्रीही लागत नाही. कोवळा शेंडा चिमटीत धरून ओढला की टक् करून हातात येतो आणि कुंडीत खोचला की जगतो.

माझ्या टूरमध्ये आज मिसेस ॲम्ब्रोझ होत्या. खालच्या गावातल्या, दर उन्हाळ्यात येतात. खाकी कोट, लांब छत्री. मी वाफ्याचा इतिहास सांगत होते आणि माझी नजर त्यांच्या बोटांवर होती. टक्. ऐकूसुद्धा आलं.

मी बोलणं थांबवलं. म्हटलं, "मॅडम, जरा पर्स उघडाल का?"

सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले. एक गृहस्थ म्हणाले की संध्याकाळपर्यंत उघडेल असं वाटतंय. मिसेस ॲम्ब्रोझनी पर्स उघडली. आत पावाची प्लास्टिकची पिशवी, त्यात ओला टिश्यू, आणि टिश्यूत माझा पिंक. म्हणजे घरून तयारीने आल्या होत्या. त्यांनी तो शेंडा माझ्या तळहातावर ठेवला.

"सॉरी हं बाळा," म्हणाल्या. "सवय गं जुनी."

त्यांची मान लालभडक झाली होती. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. सगळे म्हणाले, बरोबर आहे, अगदी बरोबर. उरलेली टूर छान शांततेत झाली, कोणी मध्ये प्रश्नसुद्धा विचारला नाही. शेवटी प्रत्येकाने थांबून थांबून माझे आभार मानले. इतके आभार मला कधी मिळाले नव्हते.

ब्रायडीने काय केलं तर स्वतःची टूर अर्ध्यात सोडली आणि मिसेस ॲम्ब्रोझना बस-स्टॉपपर्यंत पोचवून आली. त्यांची छत्री हिच्या हातात. आपल्या माणसांना तळ्याकाठी ताटकळत ठेवून. याला कामचुकारपणा म्हणतात.

सोमवार, १ जुलै

मिसेस कॅथकार्टपर्यंत गोष्ट पोचली. भयंकर खूश. अशीच माणसं हवीत म्हणाल्या, आधीच्या मालकांनी नुसती धर्मशाळा करून ठेवली होती. मी तरंगत शेडकडे गेले, तो शेंडा मिस्टर टॉलींना द्यायला. वाटलं, आज तरी झाकण पुढे येईल.

त्यांनी शेंडा घेतला, फिरवून बघितला, खिशात टाकला. मग पायरीकडे हात करून म्हणाले, "बस."

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात: खूप वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात नदीचं पाणी बागेत शिरलं आणि पिंक्सचा वाफा कुजून गेला. एक रोप राहिलं नाही. तेव्हा टॉली टोपी हातात घेऊन मिसेस ॲम्ब्रोझच्या दारात गेले. त्यांच्या अंगणात पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हेच पिंक्स, सगळे इथून खुडलेले. त्यांनी अर्धे उपटून दिले. आजचा सगळा वाफा त्यांच्या चोरीतून आलेला. तेव्हापासून त्या वाफ्याशी गाईडने दुसरीकडे बघायचं. झाड टिकवायचं तर ते चार घरी हवं. पण मालक वाटू देत नाहीत आणि सभ्य माणसं मागत नाहीत, म्हणून हा मार्ग.

मी म्हटलं, मग मला कोणी का नाही सांगितलं?

"हे सांगत नाहीत, पोरी. वर्षभर बघतोय, तुझी मान कधी वळते."

"आणि ब्रायडीला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पहिल्याच दिवशी वळली."

पहिल्याच दिवशी. मी घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात होतं. पूर नाही, मिसेस ॲम्ब्रोझ नाहीत. पहिल्याच दिवशी.

त्यांनी हेही बजावलं की नव्या मालकीणबाईंना यातलं काही कळता कामा नये.

रविवार, ७ जुलै

एवढी शिस्तीची टूर आजवर झाली नव्हती. पिंक्सच्या वाफ्याशी सगळे हात पाठीमागे बांधून उभे होते. लहानपणी शाळेत प्रार्थनेला उभे राहायचो तसे. एका बाईंना तर शिंक आली तरी त्यांनी हात पुढे घेतला नाही.

मिसेस ॲम्ब्रोझ आल्या नाहीत.

बुधवार, १७ जुलै

आज मी ठरवून पाठ फिरवली. कोंबड्याकडे नाही बघितलं, तिची नक्कल कशाला. मी घड्याळाकडे बघितलं. बराच वेळ. मनात म्हणत होते, खुडा, खुडा की, मी बघत नाहीये.

वळून बघते तर सगळे होते तसेच उभे. हात मागे. एका गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, आपल्याला उशीर होतोय का?

नंतर कुंपणाच्या फटीतून ब्रायडीची टूर बघितली. ती वर मान करून उभी, आणि तिच्यामागे आज्या कशा चिमण्यांसारख्या वाफ्यावर उतरल्या होत्या. टक्, टक्. एकीने तर नवऱ्याला आडोसा म्हणून उभं केलं होतं. ब्रायडीला सगळं ऐकू येत होतं, तिचे खांदे हसत होते.

तिच्या पाठीवर लोकांचा विश्वास आहे. माझ्या पाठीवर नाही. नावं पाठ करता येतात, साल पाठ करता येतं. हे कुठे शिकायचं?

मला ती आवडली असती तर फार सोपं झालं असतं. किंवा ती वाईट असती तर.

रविवार, ४ ऑगस्ट

ऐकलं की ब्रायडी सुट्टीच्या दिवशी मिसेस ॲम्ब्रोझकडे जाते. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून तण काढून देते. मीही जाणार होते. खरंच, लेमन केक करून, माफी मागायला. उद्याच जायचं मनात होतं. आता गेले तर मी तिचं बघून आले असंच वाटेल. केक आईला दिला.

सोमवार, २६ ऑगस्ट

बँक हॉलिडे, सगळ्यांना सुट्टी. बागेत पाय ठेवायला जागा नाही. दुपारी मिसेस कॅथकार्टनी मला घरात बोलावलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने चहा ओतला.

म्हणाल्या, पिंक्स अजूनही विरळ होताहेत. माझ्या टूरमध्ये कोणी हात लावत नाही हे त्यांनी स्वतः बघितलंय. मग?

"तू सरळ मुलगी आहेस, हेस्टर, म्हणून तुला विचारते. ब्रायडीच्या टूरमध्ये त्या वाफ्याशी काय होतं?"

मी तिच्या टूरला नसते, मला कसं माहीत असणार. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अगदी शब्दन् शब्द. आणि त्याच वेळी खिडकीतून सनडायल दिसत होतं. ब्रायडीची स्ट्रॉ हॅट कुठल्यातरी म्हाताऱ्या कर्नलसारख्या माणसाच्या डोक्यावर होती, आणि सगळे, सगळे हसत होते. माझ्या बाजूची जागा रिकामी होती, मी तिथे नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या टूरची वेळ होऊन गेली होती आणि माझी माणसंही तिकडेच जाऊन मिसळली होती.

मी म्हटलं, "ती पाठ फिरवते."

"मुद्दाम?"

"दर वेळी."

एवढंच बोलले. एक शब्द खोटा नाही. कोणाच्या सांगण्यावरून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला माहीत नाही. मिस्टर टॉलींचं नाव मी घेतलं नाही. याला चांगुलपणा म्हणता येईल. लिहून ठेवते म्हणजे पुढे मलाही तसंच वाटेल.

चहा गार झाला होता. तरी संपवला.

रविवार, १ सप्टेंबर

नोकरी मला मिळाली.

ब्रायडीला आठवडाभराची मुदत दिली. मिसेस कॅथकार्टनी तिला विचारलं होतं, हे तुला कोणी शिकवलं. ती म्हणाली, कोणी नाही, मला कोंबडा आवडतो. मला हे टी-रूममधल्या बाईकडून कळलं. ती सांगताना हसत होती, मग माझ्याकडे बघून थांबली.

संध्याकाळी मिस्टर टॉली फाटकाच्या किल्ल्या घेऊन आले. "मिस पिम, या आता तुमच्याकडे असतील." मला 'तुम्ही' म्हणाले. वर्षभर 'पोरी' म्हणणारा माणूस. पद मिळालं की मान आपोआप येतो हे खरं आहे. मी म्हटलं, अहो, तुम्ही मला हेस्टरच म्हणा. ते म्हणाले, "नको, मिस पिम. हे बरं आहे."

मी खूप आनंदात आहे. आईने शेजारणीला बोलावून सांगितलं.

रविवार, ८ सप्टेंबर

आज खोल्यांमध्ये सामान हलवलं. आईची कंबर धरली होती म्हणून मी एकटीच खोकी चढवत होते. जिना अरुंद आहे. मधल्या वळणावर अडकले, वर ना खाली, आणि खालून कोणीतरी खोक्याचं दुसरं टोक उचललं. ब्रायडी. पाठीवर तिची सॅक, निघण्याच्या तयारीत.

सगळी खोकी तिने माझ्याबरोबर वर आणली. पुस्तकांचं जड खोकं तिनेच घेतलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर टेकून मला एकेक सांगायला लागली. बुधवारी येणारे मिस्टर डॅगवर्थ डाव्या कानाने बहिरे आहेत, त्यांच्या उजवीकडून चालायचं. दोन बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघींनाही मधला बाक हवा असतो, म्हणून एकीला आधी तळ्याकडे न्यायचं. उतारावर कोण दमतं, कोणाला हात दिलेला आवडत नाही. मी एवढं सगळं कधी बघितलंच नव्हतं, आणि ती ते मला देऊन चालली होती. मला ते हवंही होतं आणि तिच्याकडून नको होतं.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "तुला माहितेय ना, कोणी सांगितलं?"

"हो."

"मग बोल ना काहीतरी."

तिने जरा विचार केला. "मला वाटलं होतं, म्हणावं की तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणजे तुला बरं वाटेल. पण खोटं कशाला बोलू, प्रोफेसर. मी नसतं केलं."

आवाज चढला नाही. टोमणा नाही, तिरकं बघणं नाही. खिडकीतून बाग बघितली, "काय मस्त दिसतं गं इथून" म्हणाली. ते मनापासून होतं, हेच वाईट. मग बस चुकेल म्हणून निघाली. श्रॉपशरमधल्या कुठल्याशा बागेत तिला काम मिळालंय. आमच्याकडे नेहमी येणारे बरेच जण पुढच्या रविवारी तिकडे जाणार आहेत, असं टी-रूममध्ये चाललं होतं. मी आल्यावर विषय हवामानावर गेला.

एक शिवी दिली असती तर चाललं असतं. खोकं जिन्यात सोडून गेली असती तरी चाललं असतं. रागावली असती तर आम्ही दोघी निदान सारख्या झालो असतो. बाकी सगळं देऊन गेली, तेवढा राग मात्र दिला नाही.